नाहूरच्या शेताची चतुःसीमा

जमिनीचे खरेदीखत वाचलेल्या प्रत्येकाला 'चतुःसीमा' हा शब्द ओळखीचा असतो. पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस तमक्याचे, पश्चिमेस रस्ता. भांडुपला सापडलेल्या एका दस्तातही अशाच हद्दी लिहिल्या आहेत. तो दस्त तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला आहे आणि त्यावरचे साल आहे शके 948, म्हणजे इसवी सन 1026.

उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील छित्तराजाचा हा ताम्रपट. आमदेवैया नावाच्या ब्राह्मणाला त्याने नौर गावातले एक शेत दान दिले. गावाचा पत्ता आजच्या सातबाऱ्यासारखाच उतरत्या क्रमाने येतो: श्रीस्थानक म्हणजे ठाणे, त्यात षट्षष्टी म्हणजे साष्टी, त्यात नौर. हद्दी सांगताना गोंवणी आणि गोरपवली ही गावे येतात, आणि एक राजपथ येतो. जॉर्ज ब्यूलर यांनी 1876 साली 'इंडियन अँटिक्वेरी'मध्ये हा लेख संपादित केला.

आता या हद्दी जमिनीवर शोधायच्या कशा?

पहिला धागा नावाचा. नौर म्हणजे आजचे नाहूर. भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये 2006 साली रेल्वे स्थानक झाले आणि हजार वर्षांपूर्वीचे ते नाव फलाटाच्या पाटीवर आले. दुसरा धागा राजपथाचा. गोंवणीच्या पश्चिमेकडून जाणारा हा मार्ग मुंबई-ठाणे रस्त्याच्या जवळपास त्याच रेषेत असावा, असे जुन्या ठाणे गॅझेटिअरने नोंदवले आहे. तो रस्ता पुढे आग्रा रोड झाला आणि आज लाल बहादूर शास्त्री मार्ग आहे. गॅझेटिअरचे म्हणणे पटण्यासारखे आहे. इथे पश्चिमेला डोंगर, पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी. मधल्या अरुंद पट्टीतून ठाण्याला जायचे तर वाटेला जागा तरी कितीशी? राजवटी बदलल्या, पण भूगोलाने रस्त्याला फारसे सरकू दिले नाही.

ताम्रपट मालकाच्या घरात जपला जाई. शिवारात येणाऱ्या-जाणाऱ्याला दान कळावे म्हणून शिलाहारांच्या काळात दगड उभा करत. त्यालाच गधेगाळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, आणि खाली स्त्री व गाढव यांचे शिल्प. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान टिकावे आणि ते मोडणाऱ्याच्या आईची अशी विटंबना होवो, हा त्याचा अर्थ. अक्षर न येणाऱ्यालाही तो समजे. शाप आईच्या अब्रूवर बेतलेला आहे, आणि त्या समाजाचे स्त्रीकडे पाहणे कसे होते हेही हे दगड सांगतात. अलिबागजवळच्या अक्षीचा शके 934 चा लेख आणि परळचा अपरादित्याचा लेख ही याची प्रसिद्ध उदाहरणे. दोन्हींत मराठी आहे. मराठीची काही सर्वांत जुनी वाक्ये अशी जमिनीच्या दानाशी बांधलेली आहेत.

भांडुपची स्वतःची हद्दही स्थिर राहिली नाही. 1920 मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. 1950 मध्ये मुंबई महापालिकेची सीमा मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत आली. 1957 मध्ये ती मुलुंडपर्यंत गेली. म्हणजे सात वर्षे महानगराची वेस इथेच होती. खाडीच्या पाण्याशी तर आज मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अशा तीन महापालिका येऊन भिडतात. पाण्यात दगड रोवता येत नाही, तिथली हद्द नकाशावरच असते.

जमिनीवरच्या खुणा मात्र अजून हाताला लागू शकतात. कोकणात कित्येक गधेगाळ शेंदूर लावून देव म्हणून पुजले गेले आणि त्यामुळेच वाचले. पुनर्विकासाच्या खोदकामात निघालेल्या दगडाला ते भाग्य मिळेलच असे नाही. भांडुप, नाहूर, मुलुंडच्या जुन्या गावठाणात देवळामागे, विहिरीच्या काठाला, पारापाशी चंद्र-सूर्य कोरलेला दगड दिसला तर तो हलवू नका, घासू नका, रंगवू नका. आहे त्या जागेसह त्याचे छायाचित्र घ्या आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. जागेवरून उचललेला हद्दीचा दगड कुठल्या शेताचा होता, हे मग कुणालाही सांगता येत नाही.