जुनं विमान घेताना तास बघू नका, तारखा बघा!
मंगळवार पेठेत जुनी गाडी घेताना आपण आधी किलोमीटर बघतो. कमी चाललेली म्हणजे चांगली! १९७० च्या दशकातल्या, एका इंजिनाच्या सेसना १७२ विमानाला हाच हिशोब लावलात तर फसाल.

त्याच्या लायकमिंग ओ-३२० इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळतं. मग आपल्या पावसाळ्यातली दमट हवा उघड्या पोलादावर गंज चढवते. गंजलेला कॅम झिजतो, त्याचा चुरा तेलात उतरतो. म्हणूनच कंपनी ओव्हरहॉलसाठी वर्षंही मोजते: साधारण २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते.

तेव्हा लॉगबुकातल्या तारखा वाचा, ऑइल फिल्टर कापून चुरा तपासायला सांगा. नियमित उडालेलं विमानच शेवटी स्वस्त पडतं.