जुना कळफलक, नवा संगणक : लेखांक सातवा
कळीस अक्षर ठाऊक नसते

चार तारांच्या सोल्डरिंगचे वचन मी गेल्या आठवड्यात दिले होते खरे. परंतु पौडच्या एका वाचकांचा प्रश्न इतका मूलगामी आहे की, ते काम पुढील लेखांकावर ढकलणे मला भाग आहे. पोटमाळ्यावरून त्यांनी काढलेल्या एटी जातीच्या कळफलकावर केवळ रोमन अक्षरे छापलेली आहेत. तो यूएसबीला जोडला, तर त्यावर मराठी उमटेल काय, की निराळा मराठी कळफलकच विकत घ्यावा, असे ते विचारतात.

उमटेल, आणि कळफलकात तिळमात्र फेरफार न करता उमटेल. ज्या कळीवर रोमन 'के' छापलेले आहे ती दाबताच कळफलक ६६ या क्रमांकाची रवानगी करतो, व बोट उचलताच २४० आणि ६६ असे दोन क्रमांक धाडून कळ सुटल्याची वर्दी देतो. याखेरीज त्याला काही ठाऊक नसते. आपल्या मुळशी तालुक्यात गट क्रमांक जसा जमिनीचे केवळ ठिकाण दाखवितो, आणि तीत भात आहे की नाचणी हे पाहावयास गाव नमुना बारा उघडावा लागतो, तसाच हा ६६ केवळ कळीच्या जागेचा दाखला होय. तेथे कोणते अक्षर पिकते त्याची नोंद संगणकाच्या दप्तरी असते.

ती नोंद म्हणजे इन्स्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही रचना ठरविली, १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात तिचा समावेश झाला, आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने आपल्या जिस्ट तंत्राद्वारे तिचा प्रसार केला. डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजने, अशा या वाटणीत 'के'च्या जागी 'क' येतो व शिफ्ट दाबल्यास 'ख'. टंकलेखन यंत्रात अक्षराचा खिळा दांडीलाच जखडलेला असे. येथे ते बंधन उरले नाही. म्हणूनच ज्यांची बोटे मराठी टंकलेखन यंत्रावर घडली, त्यांना संगणकात रेमिंग्टन रचना निवडून त्याच कळफलकावर जुनी वहिवाट चालविता येते.

याहून मला हृद्य वाटते ते असे की, संगणकाच्या पोटात 'क'चा क्रमांक इस्की संकेतात १७९ होता, युनिकोडमध्ये तो २३२५ झाला, आणि या स्थित्यंतराची वार्ताही न लागता तो वृद्ध कळफलक आपला ६६च पाठवीत राहिला.

हा कळफलक आणि यूएसबी यांच्यामध्ये आपण जो दुभाष्या बसविणार आहोत, त्यालाही मराठी येण्याची आवश्यकता नाही. यूएसबीच्या संकेतात त्याच कळीचा क्रमांक १४ आहे. तेव्हा ६६ ऐकावा आणि १४ सांगावा, एवढेच त्याचे कर्तव्य. बाजारातील साधा जोडतुकडा केवळ खोबणीचा आकार बदलतो, भाषांतर करीत नाही. त्यामुळे ज्या कळफलकाला दोन्ही बोली मुळातच अवगत नाहीत, तो त्यावर मुकाच राहतो.

पौडच्या वाचकांनी तूर्त आपल्या कळफलकाच्या वर्तुळाकार जोडणीतील पाच पिना तपासाव्यात. ताम्हिणीकडून येणाऱ्या पावसाळी दमटपणाने त्यांवर गंज चढलेला असण्याचा संभव आहे. त्या कोरड्या व स्वच्छ करून ठेवाव्यात, कारण पाचांपैकी आपल्या कामाच्या चारांनाच पुढील आठवड्यात खरोखर तारा जोडावयाच्या आहेत.