दोन अब्जांच्या काठावर

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद होतील, तेव्हा जुन्या धाटणीच्या संगणकांमधली सेकंदांची मोजणी काठोकाठ भरेल. तो काठ म्हणजे २,१४,७४,८३,६४७. वाचायचा तर २ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७.

एकतीस वेळा २ मांडून गुणाकार करा, त्यातून १ वजा करा, की हा आकडा मिळतो. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कुणीही निःशेष भागत नाही. फ्रेंच धर्मगुरू मेर्सेन याने १६४४ मध्ये किती वेळा २ मांडले की अशी मूळ संख्या मिळते याची यादी दिली, तीत ३१ होता. पण खात्री कशी करायची? ३१ प्रमाणे ११ सुद्धा मूळ संख्याच, तरी अकरा दोनांच्या गुणाकारातून १ वजा केला की २०४७ येतात, म्हणजे २३ गुणिले ८९.

खात्री केली गणिती ऑयलरने, १७७२ मध्ये. पासष्टीला टेकलेला, दृष्टी जवळजवळ गेलेली. या संख्येला विभाजक असलाच तर एक तरी ४६,३४० च्या आत हवा. तिथवर मूळ संख्याच पावणेपाच हजारांहून जास्त. ऑयलरने दाखवले की, मूळ विभाजकाला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ उरलीच पाहिजे. चाळणीत उरले पावणेचारशेच्या आत उमेदवार. एकानेही भाग गेला नाही.

या संख्येपासून एक प्रचंड परिपूर्ण संख्या बनते. परिपूर्ण म्हणजे ६ सारखी, जिच्या लहान विभाजकांची (१, २, ३) बेरीज तिच्याइतकीच भरते. इंग्रज गणिती पीटर बार्लो याने १८११ मध्ये लिहिले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही, कारण असल्या संख्या नुसत्या मौजेच्या, उपयोग शून्य.

पण २,१४,७४,८३,६४७ चा उपयोग निघाला, तो संगणकात. पूर्णांक साठवायला ३२ बिटांची, म्हणजे ० किंवा १ मावेल अशा ३२ घरांची, जागा ठेवण्याचा प्रघात पडला. एक बिट धन-ऋण चिन्हाला, उरले ३१. सगळ्यांत १ भरला की हाच आकडा. पुढे एक मिळवला, तर तो चिन्हाच्या घरात शिरतो आणि दोन अब्जांची जमा क्षणात उणे होते. डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने हा काठ गाठला, त्याआधीच यूट्यूबने मोजणी ६४ बिटांवर नेली होती. अनेक संगणकांचे घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजते. ज्या यंत्रांत अजून ३२ बिटच असतील, त्यांचे घड्याळ त्या मंगळवारी ८ वाजून ४४ मिनिटे ८ सेकंदांच्या ठोक्याला १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडेल.

६४ बिटांचे घड्याळ सुमारे २९२ अब्ज वर्षे पुरते. तिथला काठ म्हणजे त्रेसष्ट दोनांचा गुणाकार उणे १. तो मूळ आहे का? तीन दोनांचे ८ होतात, ७ ने भागून बाकी १. अशी एकवीस त्रिके गुणली, तरी बाकी १. तीच वजा केली, की सातने पुरता भाग गेला. ऑयलरने शेकडो भागाकारांनी जे तपासले, त्याचा इथे सातवीतला मुलगा तोंडी निकाल लावेल. काठ मूळ आहे की नाही, हे संगणक बनवणाऱ्यांनी कधी पाहिलेच नव्हते. ३२ मधून चिन्हाचा एक गेला आणि ३१ उरले, एवढेच.