बीजाणूची झोप, पऱ्हाटीची जाग

मृग बरसला की विदर्भातल्या कोरपन्याच्या काळ्या रानात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, लागवड सुरू होते. बियाण्याच्या पाकिटावर ‘बीटी’ असतंच. ही दोन अक्षरं एका जिवाणूची: बॅसिलस थुरिंजिएन्सिस. १९०१ मध्ये जपानच्या शिगेताने इशिवाता यांना तो रोगट रेशीमकिड्यांत सापडला. नाव मात्र पुढे जर्मनीतल्या थुरिंगियावरून पडलं.

अन्न संपलं की हा जिवाणू बीजाणू होऊन झोपतो. वाढत्या पेशीत ७५ ते ८० टक्के पाणी असतं, बीजाणूच्या गाभ्यात २५ ते ५०. उरलेली बरीच जागा कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल अडवतात. पेशीची सगळी रसायनकामं करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, तिथे शाबूत असतात. पाण्याविना ती जागच्या जागी गप्प बसतात. आर्थर कोर्नबर्ग यांच्या गटाने १९६० च्या दशकात याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूचे बीजाणू फोडून डीएनए घडवणारं विकर काढलं, तर ते वाढत्या पेशीतल्यासारखंच निघालं. यंत्र तेच, फक्त बंद. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, जवळपास शून्य, पण ते बनवायला फॉस्फोग्लिसरेटची शिदोरी बांधलेली. अमिनो आम्लांची चाहूल लागली की कवचाखालचा थर विकरेच चिरतात, पाणी आत येतं, आम्लता उतरते आणि त्या शिदोरीतून काही मिनिटांत एटीपी तयार होतं.

आता बीटीची खोड. झोपेची तयारी करतानाच तो बीजाणूशेजारी प्रथिनाचा एक स्फटिक रचतो. भरवाढीच्या दिवसांत ते जनुक बहुधा गप्पच. स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतो आणि तिचीच पाचक विकरे तो कापून विष मोकळं करतात. म्हणजे अळी आपल्या मरणाची पुडी स्वतःच सोडते!

माणसाने ते जनुक कपाशीत घातलं, पण झोपेची अट काढून. त्याला जोडलेली कळ सदैव चालू राहणारी. त्यामुळे पऱ्हाटी उगवल्यापासून वेचणीपर्यंत विष बनवत राहते, आणि अळ्यांची पिढी न् पिढी त्यातून चाळली जाते. भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दुसरं जनुक आलं. २०१७ मध्ये विदर्भातल्या बोंडांत शेंदरी अळी दोन्ही विषं पचवून बसलेली होती.

४५० ग्रॅमच्या बियाण्यासोबत तेव्हा १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीचं पाकीट यायचं. बांधाच्या कडेने ती लावली, तर विष न चाखलेल्या अळ्या तिथे वाढाव्यात आणि त्यांच्या संकरातून सवय पातळ व्हावी, असा हिशेब होता. पण अळीसाठी मुद्दाम ओळी राखायच्या कुणी? ते पाकीट बहुतेकांनी पेरलंच नाही.