खजुराचं कूळ कसं ओळखतात?

मलिद्याच्या ताटात आपण खजूर ठेवतो, त्याच झाडाबद्दल थोडं लिहिते. मसादाच्या उत्खननात मिळालेलं सुमारे २,००० वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ साली किबुत्झ केतुरा इथे रुजलं. त्या झाडाचं नाव मेथुशेलह. पुढे यहुदियाच्या वाळवंटातल्या आणखी सहा जुन्या बिया रुजल्या.

कार्बन तपासणीने बियांचं वय कळलं, पण कूळ? ते डीएनए सांगतं. त्यात काही ठिकाणी तीच दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, जीए-जीए-जीए अशी. याला मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. समजा, एका झाडात ही जोडी १५ वेळा असेल, तर दुसऱ्यात २१ वेळा. हा भाग बहुधा प्रथिनं बनवत नाही, म्हणून आकडा बदलला तरी सहसा झाडाचं काही बिघडत नाही. आईकडून एक आकडा येतो, बापाकडून एक. अशा बऱ्याच जागा मोजल्या की नातं कळतं. माणसांची पितृत्व चाचणीही अशीच होते.

मोजल्यावर दिसलं की काही झाडं इराक-आखाताकडच्या जातींना जवळची, तर काहींत उत्तर आफ्रिकेकडचाही अंश आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या भूमीत दोन्हीकडचा खजूर मिसळला होता.

मेथुशेलह नर आहे. त्याच्या परागाने हन्ना या मादी झाडाला २०२० साली फळं आली. पण ‘हाच दाविद राजाचा खजूर’ असं कोणी म्हटलं, तर लगेच मान डोलवू नका. हे आकडे फक्त नातं सांगतात.