‘फुई’ म्हणजे गेलो, ‘फुई’ म्हणजे होतोसुद्धा!

मेक्सिकोतला माणूस इंग्रजी शिकायला येतो तो स्पॅनिशचे दोन साधे भूतकाळ गाठीला बांधूनच. ‘आब्लो’ म्हणजे तो बोलला, विषय संपला. ‘आब्लाबा’ म्हणजे तो बोलायचा किंवा बोलत होता. मराठी वाचकाला हा फरक लगेच कळेल. ‘आजीने गोष्ट सांगितली’ आणि ‘आजी गोष्ट सांगायची’ यांत आपण कधी गल्लत करतो का? इंग्रजी मात्र दोन्हीकडे ‘टोल्ड’वर भागवू शकते. सवयच ठसवायची असेल तर ‘यूज्ड टू’ जोडते.

भूतकाळ इंग्रजीत ‘स्पोक’ एवढाच, बोलणारा कुणीही असो. स्पेनमध्ये त्याची सहा रूपं होतात, त्यामुळे कर्ता गाळला तरी अडत नाही. ‘काल पुण्याला गेलो’ म्हणताना आपणही ‘मी’ कुठे म्हणतो? इंग्रजीत मात्र ‘आय’ हवाच.

खरी कसरत ‘डिड’ची! स्पॅनिशमध्ये ‘कोमिस्ते’ एवढा एक शब्द सूर चढवून उच्चारला की प्रश्न तयार: जेवलास का? इंग्रजीत आधी ‘डिड’ आणायचा आणि भूतकाळाचा शिक्का त्याच्यावर बसला की मूळ क्रियापद पुन्हा साधं करायचं. ‘डिड यू वेंट’ ही चूक इथूनच येते, आणि ती आपल्या वर्गांतही ऐकू येते. शिक्का एकदाच मारायचा, बस्स.

बरं, हा ‘वेंट’ मुळात ‘गो’चा नव्हेच. तो ‘वेंड’ नावाच्या वेगळ्या क्रियापदाचा भूतकाळ, ‘गो’ने दत्तक घेतलेला. स्पॅनिश माणसाला याचं नवल वाटायला नको, कारण त्याचं ‘फुई’ म्हणजे ‘मी गेलो’ आणि ‘मी होतो’ही!

जिभेची परीक्षा घ्यायला ‘स्टॉप्ट’ हा शब्द पुरे. स्पॅनिश शब्द ‘स्ट’ने सुरू होत नाही आणि ‘प्ट’वर संपतही नाही. मग पुढे ‘ए’ लागतो, मागे ‘एड’ उघडा पडतो आणि एका झटक्यात संपणारा शब्द ‘एस्-टॉ-पेड’ असा तीन तुकड्यांत येतो. नियम सोपा आहे: ‘वाँट’, ‘नीड’सारखी ‘ट’ किंवा ‘ड’ने संपणारी क्रियापदं असतील तरच शेवटी ‘इड’ ऐकू येतो, एरवी नुसता ‘ट्’ किंवा ‘ड्’.

‘जन्मलो’ला स्पॅनिशमध्येही एकच शब्द, ‘नासी’. म्हणून ‘आय बॉर्न’ तोंडात येतं आणि मधला ‘वॉज’ राहून जातो.

अनियमित क्रियापदांचा धसका घेणाऱ्यांसाठी एक दिलासा. 2007 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं तपासली होती, त्यांतली 98च आज अनियमित उरली आहेत. सर्वाधिक वापरातली दहा मात्र सगळी अनियमित: बी, हॅव, डू, गो, से, कॅन, विल, सी, टेक, गेट. शिकणाऱ्याने सुरुवात या दहांपासून करावी.