हेडचे नट आवळताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचं 1489 सीसीचं इंजिन बांधताना अजूनही सल्ला मिळतो: पान्याला पाइप अडकवा आणि हेडचे नट करकचून आवळा, गॅस्केट कधी उडणार नाही. हा सल्ला इंजिनाच्या मुळावर येतो. गॅस्केट दाबून धरतो तो स्टडचा ताण. नट फिरतो तसा पोलादी स्टड किंचित लांबतो, पुन्हा आखडू पाहतो आणि त्या ओढीने हेड ब्लॉकवर दाबलं जातं. सोसवेल त्याहून जास्त ताणलेला स्टड कायमचा लांबतो, नाहीतर ब्लॉकमधले आटे उपटतो.

‘टॉर्क रेंच वापरला, आता चिंता नाही’ हा समज जास्त फसवा, कारण तो अर्धा खरा आहे. रेंच स्टडचा ताण मोजत नाही, नट फिरवायला लागणारा जोर मोजतो. त्यातला सुमारे निम्मा जोर नटाखालच्या घर्षणात आणि चाळीसेक टक्के आट्यांत खर्च होतो. स्टड ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून गंजलेल्या आट्यांवर रेंच ‘टक्’ करतो, पण हेड सैलच राहतं. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावून गाठला, तर स्टड जास्त ताणला जातो. आटे ब्रशने घासून स्वच्छ करा आणि आकडा कोरड्यासाठी आहे की तेलासाठी, हे मॅन्युअलमध्ये पाहा. एककही तपासा: 50 फूट-पाउंडांऐवजी 50 न्यूटन-मीटर धरलं, तर जोर चौथ्या हिश्शाने कमी पडतो.

ज्या इंजिनात हेड बोल्टने बसतं, तिथे तळ बंद असलेल्या भोकात तेल साचू देऊ नका. बोल्ट खाली उतरताना तेलाला वाट मिळत नाही आणि त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

‘एका टोकापासून ओळीने आवळलं तरी चालतं’ हेही चूक. अ‍ॅम्बॅसिडरच्या या हेडला अकरा नट असतात. मधून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळल्यास हेड सपाट बसतं.

गॅस्केट दबल्यावर पुन्हा आवळताना नुसता रेंच लावून ‘टक्’ ऐकणं पुरेसं नाही. थांबलेला नट हलवायलाच जादा जोर लागतो, म्हणून रेंच लवकर वाजतो. एकेक नट किंचित सैल करून लगेच ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळा. अकरापैकी चार नट रॉकर शाफ्टचे आधारही धरतात, तेव्हा त्यानंतर टॅपेट पुन्हा सेट करावेच लागतात.